रांजणानं घेतलेलं नाव

कापूरहोळच्या फाट्यावर आमची खाणावळ होती आणि तिच्यात एक रांजण बोलायचा. हे सांगितलं की माझ्या भावाची नातवंडं तोंडावर हात ठेवून हसतात. हसा बापडे! लढाईच्या त्या वर्षांत वेल्ह्याकडच्या डोंगरातून बाया पोर काखेला मारून दिवसभर चालत यायच्या, रांजणापुढं पदर पसरायच्या आणि तो काय सांगतो ते जिवाचा कान करून ऐकायच्या. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. आणि हसायचंच असेल तर मला हसा, कारण रांजणातून बोलायचे ती मी.

झालं, सांगून टाकलं. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

खाणावळ मूळची आमची नव्हे. कुठल्याशा जुन्या सराईच्या चार पडक्या खोल्या होत्या, त्या माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, डागडुजी करून उभ्या केल्या. पुढं ओसरी, मग जेवायची लांब खोली आणि तिच्या मागं स्वयंपाकघर. दोन्हींच्या मध्ये हातभर नव्हे, चांगली पुरुषभर रुंद दगडी भिंत, आणि त्या भिंतीच्या पोटात बळद. धान्य साठवायची अंधारी पोकळी ती. स्वयंपाकघरातून वाकून आत उतरलं की एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. जेवायच्या खोलीच्या कोपऱ्यात, त्याच भिंतीला टेकून, एक जुना रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता. त्याची पाठ फुटलेली. पाणी टिकायचं नाही म्हणून तो आपला रिकामाच पडून असायचा, आणि फुटलेली पाठ भिंतीच्या भेगेतून थेट बळदात उघडत होती हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं कल्हईवाल्या चाचांमुळं. चाचा भोरचे. महिन्यातून एकदा खाणावळीच्या भांड्यांना कल्हई लावायला यायचे, ओसरीखाली भाता मांडून बसायचे. पण माणूस नुसता कल्हईवाला नव्हता. हातात अशी काही जादू होती की बघत राहावं. ड्रायव्हरच्या टोपीतून चिमणी काढतील, राखेच्या मुठीतून झेंडूचं फूल काढतील. त्यांची कल्हईसुद्धा खेळच असायचा. काळं मिचकूट पातेलं निखाऱ्यावर धरायचं, नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि धूर ओसरला की पातेलं लखलखीत. लोक टाळ्या वाजवायचे.

आणि लोकांना वेळच वेळ असायचा. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून सर्व्हिस मोटरी कोळशावर चालायला लागल्या होत्या. मोटरीच्या पाठीला लोखंडी पिंप, त्यात कोळसा पेटवायचा. ती मेली घाट चढताना माणसांना खाली उतरवायची. फाट्यावर आली की भट्टी साफ करा, नवा कोळसा भरा, तिला फुंकत बसा, तास-सव्वा तास कुठंच जायचा नाही. पुण्या-साताऱ्याचे उतारू, भोरला जाणारे, सगळे आमच्या खोलीत येऊन बसायचे.

अशाच एका दुपारी मी बळदात तांदूळ काढायला उतरले होते. बाहेर चाचांचा खेळ चालला होता. गमतीगमतीत त्यांनी रांजणात तोंड घालून हाक मारली, "कोन हाय का आत?" मला वाटलं मलाच. मी आतून खेकसले, "म्या हाय! काय पायजे?"

अगं बाई! बाहेर जो काय गोंधळ उडाला! रांजणातून तो आवाज असा घुमून बाहेर आला म्हणतात, की एक जाडजूड व्यापारी ताटावरून उठला तो थेट मोटरीत जाऊन बसला. मी बळदातून डोकं काढेपर्यंत अर्धी खोली रिकामी झालेली. चाचा तेवढे जागच्या जागी बसून रांजणाकडं बघत होते. मग उठून हळूच स्वयंपाकघरात आले, बळद बघितलं, मला बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. मीही हसले. मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांचं डोकं चालायला लागलं होतं.

चाचांनी आता महिन्याऐवजी दर आठवड्याला यायचं असं ठरलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून खेळ सुरू झाला. चाचा आधी दोन-चार हातचलाख्या करणार, मग रांजणापुढं नवसागराचा धूर करणार, आणि ज्याला काही विचारायचं त्यानं पुढं यायचं. हरवलेला बैल कुठंय, सोयरीक जमेल का, असलं. मी काय सांगणार डोंबल? पण मला सगळं आधीच ठाऊक असायचं. बाया हातपाय धुवायला मागच्या दारी यायच्या, आणि बाई चुलीपाशी दोन मिनिटं टेकली की मन मोकळं करते. कोण कुठली, कुणाच्या काळजीनं आली, त्याचं नाव काय, मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि बळदात उतरायचे.

नाव महत्त्वाचं. तीच सगळी किमया होती. चाचा विचारायचे, "रांजणा, ह्या बाईचं मानूस कोन?" आणि रांजण आधी नाव घ्यायचा. नाव आलं की बाई जमिनीला डोकं टेकायची. मग पुढं काही सांगा, लोक मान डोलवायचे.

लोकांनी काय काय उठवलं! कुणी म्हणे रांजणाखाली जोगीण पुरलीय, कुणी म्हणे तोरण्यावरून निघालेलं भुयार हितं उघडतं. मामंजी कशाला हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. नुसते मिशीत हसायचे. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

माझ्या सासूला, आत्याबाईंना, यातलं काही सांगायचं नाही अशी मामंजींची ताकीद होती. ती देवभोळी. धुरानं तिला धाप लागायची म्हणून खेळाच्या वेळी ती मागं गोठ्यात असायची. तिचा रांजणावर विश्वास होता. येणाऱ्या बायांना ती स्वतः सांगायची, "जा बाई, ईच्यार. खरं सांगतो त्यो." ते ऐकलं की मी चुलीत उगाच लाकडं सारायचे.

मग बैल हरवायचे थांबले. म्हणजे हरवत असतील, पण ते विचारायला कुणी येईना. येत होत्या त्या पलटणीतल्या माणसांच्या आया आणि बायका. भोरच्या भरतीत गेलेली पोरं, वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून गेलेली पोरं. कुणी बसऱ्याला, कुणी ब्रह्मदेशात. पत्र आलं तर आलं. बाई रांजणापुढं बसायची आणि एकच विचारायची, "हाय का?"

मी काय सांगायला हवं होतं? सांगा ना! मी सगळ्यांना सांगितलं, हाय. येईल. जेवून घे, रडू नगंस. एकालाही मी मारलं नाही. बळदातून वर आले की घाम पुसायचे आणि चुलीपुढं बसायचे. मामंजींना दोनदा म्हटलं, हे बंद करा. ते म्हणाले, "तू काय वाईट सांगतीस व्हय? धीरच देतीस की." मी पुन्हा बळदात उतरले. कारण माझंही माणूस तिकडंच होतं.

मामंजींचा एकुलता एक मुलगा, बापाशी भांडून भरती झालेला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माणूस अबोल, पण हसला की सगळं घर हसायचं. जाताना मला म्हणाले, "आईकडं बघ." बास, तेवढंच. पुरुषांना जाताना बोलायला काय होतं कोण जाणे.

आणि मग नवरात्राच्या तोंडावर सरकारी कागद आला. बेपत्ता. मेला नाही, जिवंत नाही, बेपत्ता! असला शब्द ज्यानं काढला त्याला एकदा सून होऊन तो सासूपुढं वाचून दाखवायला लावायला हवं. घरात वाचता येणारी मी एकटी. भोरच्या शाळेत चौथी झालेली. मीच वाचलं.

आत्याबाई दरवर्षी नवरात्राचे नऊ उपास धरायची. त्या वर्षीही धरले. दसऱ्याला आम्ही सगळे जेवायला बसलो, ती ताटावर बसलीच नाही. म्हणाली, "देवीला सांगितलंय. ल्योकाची खबर कळंस्तवर अन्नाला शिवनार न्हाई." मामंजी रागावले. मग समजूत घातली. मग हात जोडले. ती हलली नाही. दिवाळीपर्यंत रताळं नाहीतर ताक तरी घ्यायची. दिवाळीनंतर तेही सोडलं. मार्गशीर्ष लागला तेव्हा ती नुसत्या पाण्यावर होती. गालाची हाडं वर आली. उठताना भिंत धरायची, मग उठेनाशीच झाली. मी तिचं अंग पुसायचे तेव्हा हाताला नुसती कातडी लागायची. "आईकडं बघ" म्हणून सांगून गेलेल्या माणसाची आई माझ्या डोळ्यांदेखत विझत होती, आणि मी दोन खोल्या पलीकडं जाऊन परक्या बायांना सांगत होते, जेवून घे, रडू नगंस.

चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी वैद्य येऊन गेला. आता आठ दिवस, फार तर, म्हणाला. तो गेल्यावर मामंजी स्वयंपाकघरात आले. माझं लग्न झाल्यापासून तो माणूस माझ्याशी कधी नरमाईनं बोलला नव्हता, आवाज कायम चढलेला. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि चुलीपुढं, माझ्या पायापाशी ठेवलं.

"तिला जगव, पोरी," म्हणाले. "रांजनाला ईच्यारायचं म्हनतीय. तू सांग, हाय म्हनून."

मी म्हटलं, "मामंजी, नाव?"

त्यांनाही कळलं.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते ते वेगळं. ते पाचजणी आग्रह करतात, देवाची साक्ष असते, ते चालतं. एरवी सुटं नाव तोंडातून काढायचं नाही. नवऱ्याचं आयुष्य तुटतं. घास घेताना चावली जाऊ नये म्हणून जीभ जशी आपोआप स्वतःला सांभाळते, तशी आमची जीभ ते नाव सांभाळते. तुम्ही म्हणाल, नावानं कुणी मरतं का? म्हणा. मी चौथी शिकले होते, रांजण कसा बोलतो ते मला माहीत होतं, मी स्वतः लबाडी करत होते. तरी सांगते, माणूस हजार कोसांवर बेपत्ता असताना, एका केसावर लटकलेला असताना, तो केस आपल्या तोंडानं तोडायची हिंमत कुणा बाईला होते ते मला दाखवा.

मामंजींनी ओसरीवरून चाचांना आत बोलावलं. चाचा म्हणाले, "नाव आपन गाळू. म्या नावाचं ईच्यारनारच न्हाई. सरळ पुढचं ईच्यारतो." चाचांचे डोळे भरले होते. "येवढ्या बारीला जमंल, बेटी."

दुपारची मोटर निघून गेल्यावर मामंजींनी खोलीचं दार लावलं. त्यांनी आणि चाचांनी मिळून तिला घोंगडीवर उचलून रांजणापुढं आणलं. मी तोवर बळदात होते. ती जेव्हा टेकली तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज आला, इतक्या सैल झाल्या होत्या त्या. चाचांनी नवसागर अगदी थोडा टाकला, तरी तिला धाप लागली. मी ती धाप ऐकत बसले.

चाचा म्हणाले, "रांजणा, ह्या माऊलीचा ल्योक हाय का, ते सांग."

मी तोंड उघडलं, पण तिचाच आवाज आला. बारीक, चिरका.

"आदी नाव घेऊ दे त्याला."

चाचा म्हणाले, "वैनी, आज नावाचं राहू द्या..."

"का? समद्यांच्या मान्सांचं घेतो. माझ्याच लेकाचं का न्हाई?" मग म्हणाली, "न्हाई घेत म्हंजी त्यो न्हाईच."

मी बळदाच्या भिंतीवर डोकं टेकलं. मला आतून दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मामंजी खाकरले. पुन्हा खाकरले. उखाण्यात घ्यावं का, असा एक वेडा विचार आला! उखाणा म्हणणारा रांजण! हसू आलं असतं, दुसरा कुणाचा प्रसंग असता तर.

मग ती रडायला लागली. रडायलाही तिच्यात ताकद नव्हती. "गेला," म्हणाली. "गेला माझा. उचला मला. आता पानी बी नगं."

आणि मी नाव घेतलं.

तीनच अक्षरं. मला वाटलं होतं मी ते रांजणाच्या आवाजात, जाड काढून म्हणेन. पण तसं काही झालं नाही, ते तोंडातून निघताना मी हुंदका दिला. सगळं भडाभडा बाहेर आलं. रडता रडताच म्हटलं, "हाय. येईल. जेव. आज जेव."

बाहेर तिच्या सैल बांगड्या पुन्हा वाजल्या. मग ती म्हणाली, "उठवा मला. भात टाकायला सांगा सूनबाईला."

मी मागच्या बाजूनं वर आले, तोंड धुतलं, मऊ भात केला, वर ताक घातलं. तिच्या डोक्यामागं हात धरून भरवलं. पहिला घास तिनं तोंडात तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. मग गिळला. मामंजी दाराआड जाऊन रडले. मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मी नाव घेतलं, मी नाव घेतलं.

त्या दिवसानंतर मी बळदात उतरले नाही. मामंजींनी एकदाही सांगितलं नाही. चाचांनी खेळ मोडला, पुन्हा नुसती कल्हई लावू लागले. आलेल्या बायांना मामंजी सांगायचे, रांजणाचं तेज गेलं. त्या खाली मान घालून परत जायच्या. आत्याबाई मात्र हळूहळू उठली. पौषात भिंत न धरता चालायला लागली, संक्रांतीला स्वतः तिळगूळ केला. मी तिच्याकडं बघून जीव धरून राहायचे. ती जगली ना, म्हणायचे. आणि रोज देवीपुढं नाक घासायचे: त्या तीन अक्षरांचं काय ते माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको.

शिमग्याच्या आधी टपालवाला आला. मामंजी रेशनच्या परवान्यासाठी भोरला गेले होते. घरात आम्ही दोघीच. आत्याबाई चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. पाकिटावर सरकारी शिक्का नव्हता, हातानं लिहिलेला बाळबोध पत्ता होता. मी ते नुसतं उलटसुलट करून बघत राहिले. ती म्हणाली, "वाच."

पलटणीतल्या जोडीदारानं लिहिलं होतं. तोही आमच्याकडच्याच डोंगरातला. नमस्कार, खुशाली, मग लिहिलं होतं की तुम्हाला बेपत्ता म्हणून कागद आला असेल, पण आम्ही दोघं बरोबरच होतो, रानातून वाट काढत होतो. पुढं त्यांना ताप भरला. ही एवढी वाक्यं मी मोठ्यानं वाचली. मग माझे डोळे पुढं पळाले आणि आवाज मागं राहिला. दवाखान्याच्या तंबूत दिवाळीच्या पाडव्याला दुपारी गेले, असं लिहिलं होतं. शेवटपर्यंत आईचं नाव घेत होते.

"गेले," मी म्हटलं.

तिच्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं. ती ओरडली नाही. मला आधी काय आठवावं? पाडवा. पाडव्याला मी त्यांच्या लोखंडी पेटीला कुंकू लावून ओवाळलं होतं, माणूस नाही तर निदान पेटीला. त्याच दुपारी. आणि दुसरं आठवलं ते सांगायची मला लाज वाटते. आठवलं, की पाडवा चंपाषष्ठीच्या आधी. महिनाभर आधी. म्हणजे मी नाव घेतलं तेव्हा ते नव्हतेच. म्हणजे मी नव्हे! नवरा गेल्याचं वाचून अजून एक मिनिट झालं नव्हतं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. माणसाचं मन इतकं हरामी असतं.

मग ती म्हणाली, "कवा?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. पाडवा म्हटलं, तर रांजण खोटा. तर चंपाषष्ठीला ती जेवली तेव्हा तिचा मुलगा जाऊन महिना झालेला. मुलगा गेलेला आणि आई खोट्या खबरीवर उपास सोडून भात जेवली, हे तिला कळलं तर ती पुन्हा ताटावर बसणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. माझ्यावर सोपवलेली ती, मोठ्या कष्टानं जगवलेली. मग काय करू?

"संक्रांतीला," मी म्हटलं. "संक्रांतीच्या दिवशी दुपारी, असं लिहिलंय."

रांजण खरा ठरला. तेव्हा होते, नंतर गेले. मला वाटलं, शाबास गं बाई, शहाणपण केलंस.

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. दिवस मोजत होती ती. मग डोळे उघडून अगदी हळू म्हणाली, "चंपाषष्ठीला तू नाव घेतलंस. संक्रांतीला त्यो गेला."

मला वाटलं मी ऐकलंच नाही. "कोणी नाव घेतलं, आत्याबाई?"

"तू." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पयल्या दिसापास्नं ठावं हाय मला, रांजनात तुझा आवाज असतो, गोठ्यात बी ऐकू यायचा. घरातल्या बाईला घरातल्या बाईचा आवाज कळत न्हाई व्हय? पर मला वाटायचं, देवी तुझ्या अंगात येती. देव काय सोता बोलतो? कुनाच्या तरी तोंडानंच बोलतो. अंगात आलेलीला नवरा नसतो, ती कुनाचं बी नाव घेईल. म्हून मी निर्धास्त हुते." ती थांबली, धाप लागली. "पर त्या दिशी नाव घेताना तू रडलीस. देव रडत न्हाई. तवाच कळलं, तू शुद्धीवर हायेस. बायकोनं नाव घेतलं."

"मग जेवलात का?" मी किंचाळले. "तुम्हाला कळलं होतं, तर मग जेवलात का?"

"पोरी," ती म्हणाली, "नवऱ्याचं आयुक्ष टाकून तू मला भात वाढलास. त्यो मी कसा टाकू?"

मी तिच्या पायांवर पडले. सांगितलं, खोटं बोलले मी, संक्रांत नाही, पाडवा आहे. दिवाळीचा पाडवा, हे बघा, इथं लिहिलंय, पाडवा! पत्र तिच्या डोळ्यांपुढं धरलं, अक्षरावर बोट ठेवलं. तिला अक्षर कुठलं कळायला? म्हटलं, नसरापूरच्या मास्तरांना दाखवू, आत्ता जाऊ, कुणालाही वाचू दे. मी आयुष्यात कुणापुढं इतकी गयावया केलेली नाही.

तिनं माझ्या हातातून पत्र काढून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता तू माज्यासाठी काय बी वाचशील," म्हणाली. "आन म्या तुझ्यासाठी कुनाला कळू देनार न्हाई." आणि मी हात पुढं करायच्या आत तिनं ते चुलीत घातलं. मामंजींनी तारखा जोडू नयेत, गावानं मला बोल लावू नये, म्हणून. कागद पातळ होता. एका क्षणात गेला.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. मला कधी उणा शब्द बोलली नाही. माझ्या हातचंच जेवायची, दुसऱ्या कुणाचं नको म्हणायची. मामंजींनी पुढं तो रांजण पहारीनं फोडून टाकला, खाणावळ विकली. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहिलो. दरवर्षी संक्रांतीला ती मुलासाठी दिवसभर उपाशी राहायची. आणि पाडव्याला मी माझं ताट बाजूला सारलं, की जवळ येऊन बसायची, स्वतःच्या हातानं घास पुढं करायची आणि म्हणायची, "आज सनाचं उपाशी राहू नगं गं. आज कुनी मेलंय का?"